डावखुऱ्या पिचरचा पिकऑफ आणि बॉक : अंपायर नेमके काय पाहतो

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा बेसबॉलमधील डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, असून मुंबईतील एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्याच्याविरुद्ध तीन वेळा बॉक, म्हणजे बेसवर रनर असताना पिचरने केलेली नियमबाह्य हालचाल, दिला गेला. पहिल्या वेळी त्याने फर्स्ट बेसकडे चेंडू फेकून रनरला जवळजवळ बाद केले होते, दुसऱ्या वेळी त्याने फर्स्टकडे केवळ हूल दिली आणि चेंडू हातातच ठेवला, तर तिसऱ्या वेळी घामाने ओल्या झालेल्या बोटांतून चेंडू निसटून त्याच्या पायाशी पडला. त्याच सामन्यात प्रतिस्पर्धी पिचरने सेकंड बेसवर रनर असताना तिकडे उघड हूल दिली, तरी अंपायर काहीच बोलले नाहीत. हा पक्षपात होता का, असे आपण विचारले आहे.

मी तो सामना पाहिलेला नाही, त्यामुळे पहिल्या निर्णयाविषयी ठाम सांगणे मला शक्य नाही. तो निर्णय मुलाचा उजवा पाय कुठे पडला यावर अवलंबून आहे, आणि ते आपल्या वर्णनात आलेले नाही. हूल आणि निसटलेला चेंडू हे दोन निर्णय मात्र, आपण लिहिले तसेच घडले असेल तर, बरोबर होते. प्रतिस्पर्ध्याची सेकंडकडची हूलही नियमात बसणारी होती. म्हणजे एकाच अंपायरने दोन संघांना दोन नियम लावले असे यातून दिसत नाही. दोन बेससाठी नियमच वेगळे आहेत, आणि मला वाटते की आपल्या मुलाला ते कोणी नीट उलगडून सांगितलेले नाहीत.

आपल्याकडे हे वारंवार घडते. बेसबॉलकडे येणारी बरीच मुले सॉफ्टबॉल खेळून आलेली असतात आणि सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. साहजिकच त्या मुलांनी पिकऑफचा, म्हणजे बेसपासून पुढे सरकलेल्या रनरला बेसकडे चेंडू फेकून बाद करण्याचा, सराव कधी केलेला नसतो. बेसबॉलमध्ये आल्यावर ती व्हिडिओ पाहून हालचाली उचलतात. हालचाल दिसते ती हाताची, नियम असतो पायाचा, आणि ही गफलत बॉकच्या रूपाने बाहेर येते.

म्हणून सुरुवात पायापासून करू. पिचर ज्या रबरी पट्टीवर पाय ठेवून चेंडू टाकतो, तिला आपण नुसते रबर म्हणतो. ती २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद असते आणि बॅटर जेथे उभा राहतो त्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर बसवलेली असते. पिचरचा जो पाय या रबरला टेकलेला असतो तो त्याचा पिव्हट पाय; डावखुऱ्याचा डावा, उजव्या हाताच्या पिचरचा उजवा. दुसरा तो मोकळा पाय. पिव्हट पाय रबरला टेकलेला आहे तोवर तो पिचर आहे आणि बॉकची जवळजवळ सगळी बंधने त्याच्यावर आहेत. तो पाय त्याने उचलून रबरच्या मागे ठेवला, की त्या क्षणापासून तो इतर कोणत्याही इनफिल्डरसारखा एक क्षेत्ररक्षक होतो. मग त्याने फर्स्टकडे हूल द्यावी, चेंडू फेकावा किंवा नुसते रनरकडे पाहत उभे राहावे, यांपैकी काहीही बॉक ठरत नाही. केवळ बॅटरकडे चेंडू टाकत असल्यासारखी हालचाल त्याने रबर सोडल्यावर करायची नाही. बॉक देण्यापूर्वी अंपायरच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की पिव्हट पाय त्या वेळी कुठे होता.

ही बंधने का आहेत, हे मी मुलांना खो-खोच्या उदाहरणाने सांगतो. पारंपरिक खो-खोमध्ये खो मिळून उठलेल्या खेळाडूने एकदा खांदे वळवून दिशा घेतली, की मध्येच मागे फिरता येत नाही. फिरला तर फाऊल. पळणाऱ्याला त्या दिशेवर विश्वास ठेवून आपली चाल ठरवता यावी, यासाठी तो नियम आहे. रबरवरच्या पिचरचेही तसेच आहे. चेंडू टाकण्याच्या ओघातील हालचाल सुरू केली, तर चेंडू बॅटरकडे टाकलाच पाहिजे. फर्स्टकडे पाऊल टाकले, तर चेंडू फर्स्टकडे फेकलाच पाहिजे. आपण घेतलेल्या दिशेशी त्याला प्रामाणिक राहावे लागते. पण दिशा घेण्यापूर्वी रनरला संभ्रमात ठेवण्याची त्याला पूर्ण मुभा आहे, आणि डावखुऱ्या पिचरचे सगळे कसब याच मोकळ्या जागेत असते. बॉकचा नियम सगळी फसवणूक बंद करतो, हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

काही पालक मला विचारतात की रनरला असे गाठणे म्हणजे ‘मंकडिंग’ नव्हे का. मुंबईच्या क्रिकेटशी ज्यांचे जवळचे नाते होते त्या विनू मंकड यांनी १९४७ च्या डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत बिल ब्राउन यांना नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केले आणि तेव्हापासून हा शब्द चिकटला. २०२२ मध्ये एमसीसीने ही तरतूद अखिलाडू वर्तनाच्या कलमातून काढून धावबादाच्या कलमात नेली. मंकड यांनी नियमाबाहेरचे काही केले नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण दोन्ही खेळांत एक मूलभूत फरक आहे. क्रिकेटमध्ये लवकर क्रीझ सोडणारा फलंदाज आपला नसलेला फायदा घेत असतो, तर बेसबॉलमध्ये बेसपासून चार पावले पुढे उभे राहणे, म्हणजे लीड घेणे, हा रनरचा मान्य हक्क आहे. त्या हक्कासमोर पिचरला बेसकडे चेंडू फेकण्याचा हक्क दिला आणि तो हक्क अमर्याद होऊ नये म्हणून बॉक ठेवला. यांतले एक काढले तर बाकी दोन कोसळतात. पिचरला वाटेल तशी हूल देता आली असती, तर कोणताही रनर बेसपासून हात लांब गेला नसता आणि स्टील, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठणे, हा प्रकारच उरला नसता.

आता आपल्या मुलाचा पहिला बॉक. डावखुरा पिचर रबरवर उभा राहिला की त्याचे तोंड फर्स्ट बेसकडे असते, आणि त्याचा उजवा पाय वर उचलला गेला की तो होमकडे जाणार की फर्स्टकडे, हे रनरला शेवटपर्यंत कळत नाही. हे पूर्णपणे वैध आहे. पाय उचलून, होमकडे पाहत, अचानक फर्स्टकडे फेकणेही वैध आहे. अट एवढीच, की चेंडू सोडण्यापूर्वी पाऊल थेट त्या बेसच्या दिशेने पडले पाहिजे. ‘थेट’ म्हणजे किती, याचा अंश नियमात दिलेला नाही. मात्र अंपायर लोक व्यवहारात होम आणि फर्स्ट यांच्या बरोबर मधोमध जाणारी ४५ अंशांची एक काल्पनिक रेषा धरतात. पाय त्या रेषेच्या फर्स्टकडच्या बाजूला पडला तर ठीक, होमकडच्या बाजूला पडला तर बॉक. उत्तम डावखुरे पिचर या रेषेच्या अगदी कडेला खेळतात, कारण पाऊल जितके होमकडे झुकेल तितका रनर फसतो. म्हणूनच त्यांच्यावर बॉकही अधिक लागतात. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये कारकिर्दीतील सर्वाधिक, म्हणजे ९० बॉक स्टीव्ह कार्लटन या डावखुऱ्या पिचरच्या नावावर आहेत, आणि तो त्या खेळातील सर्वश्रेष्ठ पिचरांपैकी एक मानला जातो. मुलाला हे जरूर सांगा.

याच्या जोडीला एक दुसरी मर्यादा आहे, जी मुलांना बहुधा माहीतच नसते. पाय उचलताना गुडघा मागे वळून मोकळा पाय रबरच्या मागच्या कडेच्या पलीकडे गेला, तर आता चेंडू बॅटरकडेच टाकावा लागतो. अपवाद फक्त सेकंड बेसकडे फेकण्याचा. पाय मागे नेऊन मग फर्स्टकडे फेकले तर पाऊल कितीही नीट पडले तरी तो बॉकच. आपल्या मुलाचे पाऊल बरोबर होते अशी आपली खात्री असेल, तर ही शक्यता तपासून पाहा. दोन अंपायर असतात तेव्हा फर्स्टवर रनर असताना बेस अंपायर माउंडच्या, म्हणजे पिचरच्या उंचवट्याच्या, मागे, इनफिल्डच्या आत उभा असतो. तेथून पावलाचा कोन आणि रबरची मागची कड या दोन्ही गोष्टी बाजूने बसलेल्या प्रेक्षकांपेक्षा त्याला फार चांगल्या दिसतात. एकच अंपायर असेल, आणि आपल्याकडे बऱ्याचदा तसे असते, तर तो कॅचरच्या मागून पाहतो. तेथून कोन कळतो, पण मागची कड नीट दिसत नाही. सामन्यात किती अंपायर होते, यावरही म्हणून काही अंशी उत्तर अवलंबून आहे.

दुसऱ्या निर्णयाविषयी फार बोलायला नको. रबरवर पाय असताना फर्स्टकडे हूल देऊन चेंडू हातात ठेवणे हा बॉक आहे. सेकंडकडे रनर असेल तर पाऊल टाकून हूल देता येते. थर्डच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो, कारण मेजर लीगमध्ये २०१२ पर्यंत थर्डकडे हूल देण्यास परवानगी होती आणि थर्डकडे हूल देऊन गर्रकन वळून फर्स्टकडे पाहणे ही उजव्या हाताच्या पिचरची नेहमीची युक्ती होती. २०१३ पासून ती बंद झाली. मुले जुने सामने पाहतात, युक्ती शिकतात आणि मैदानावर बॉक खातात. रिकाम्या बेसकडे फेकणे किंवा हूल देणे हाही बॉक आहे, जर तिकडे खरोखर कोणी धावत नसेल तर.

तिसरा निर्णय आपल्याला सर्वांत अन्यायकारक वाटला आहे आणि तशी भावना होणे मी समजू शकतो. मुलाच्या मनात काहीही नव्हते, चेंडू निसटला एवढेच. पण बेसवर रनर असताना आणि पाय रबरला टेकलेला असताना चेंडू हातातून किंवा ग्लोव्हमधून पडला, तर तो चुकून पडला की मुद्दाम, हे नियम विचारात घेत नाही. नियमपुस्तकात असे मार्गदर्शन जरूर आहे की अंपायरच्या मनात शंका असेल तेव्हा रनरला फसवण्याचा पिचरचा हेतू होता का हे पाहावे. परंतु ते शंकेच्या जागेपुरते आहे. पडलेल्या चेंडूत शंका कसली? हेतूचा बचाव येथे चालत नाही, हे सांगणारी एक प्रसिद्ध घटना आहे. १९६१ च्या ऑल स्टार सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर इतका सोसाट्याचा वारा होता की स्टू मिलर हा पिचर चेंडू टाकण्यापूर्वी स्थिर उभा असताना वाऱ्याने हलला आणि त्याच्यावर बॉक दिला गेला. आपल्याकडे वाऱ्याऐवजी ऑक्टोबरचा घाम आहे. म्हणून माझे सर्व पिचरांना सांगणे असते की बोटे ओली वाटली तर आधी पिव्हट पाय रबरच्या मागे घ्या, मग हात पुसा, राळेची पिशवी वापरा, आणि मगच परत या. रबर सोडल्यावर चेंडू पडला तर काहीही बिघडत नाही.

आपण विचारले नाही, पण आपला मुलगा पुढे ज्या बॉकला बळी पडण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, तो वेगळाच आहे. रनर असताना पिचर सेट पोझिशनमधून टाकतो, तेव्हा दोन्ही हात शरीरासमोर एकत्र आणून त्याने पूर्ण थांबले पाहिजे. थांबण्यासाठी सेकंद मोजावे लागत नाहीत, पण थांबणे दिसले पाहिजे. दमलेली मुले पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर हात खाली आणतात आणि ते उसळल्यासारखे लगेच वर नेतात. त्यांना स्वतःला आपण थांबलो असेच वाटत असते. १९८८ मध्ये मेजर लीगने या थांबण्याची व्याख्या कडक केली, तेव्हा त्या एका हंगामात ९२४ बॉक दिले गेले, आधीच्या वर्षाच्या अडीचपटीहून अधिक, आणि एकट्या डेव्ह स्टुअर्टवर १६ लागले. पिचर त्या वर्षी अचानक बेइमान झाले नव्हते. इतकी वर्षे जे खपत होते ते खपेनासे झाले होते. अंपायर बदलला की थांबण्याची अपेक्षाही थोडीफार बदलते, हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच मी पिचरला सांगतो की आपला थांबा इतका स्पष्ट ठेवा की कोणत्याही अंपायरला विचार करावा लागू नये.

शिक्षेबाबत एक चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती मला आजही सलते. अंपायरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सामन्यात सेकंडवर रनर होता, पिचर न थांबता चेंडू टाकत होता, मी बॉक म्हणून हात वर केले आणि खेळ थांबवला. तेवढ्यात बॅटरने तो चेंडू आउटफिल्डमध्ये खोलवर मारला. मी रनरला थर्डवर पाठवले आणि बॅटरला परत बोलावले. मी ज्या पुस्तकावरून शिकलो होतो ते अमेरिकेतील शालेय स्पर्धांच्या नियमांचे होते, ज्यात बॉक झाला की चेंडू तत्काळ डेड होतो. तो सामना मात्र अधिकृत नियमांनी चालला होता, आणि त्या नियमांनुसार बॅटर व सर्व रनर किमान एक बेस पुढे गेले तर बॉक विसरून खेळ तसाच ग्राह्य धरायचा असतो. त्या संघाची एक हक्काची रन माझ्यामुळे गेली. तेव्हापासून प्रत्येक सामन्यापूर्वी कोणते नियम लागू आहेत हे मी दोन्ही प्रशिक्षकांसमोर विचारून घेतो. एरवी बॉकची शिक्षा साधी आहे : प्रत्येक रनरला एक बेस पुढे. पिकऑफच्या फेकीत बॉक झाला आणि रनर बाद झाला, तरी तो बाद धरला जात नाही. फेक वाया गेली तर मात्र मिळालेल्या बेसच्या पुढे रनर स्वतःच्या जोखमीवर धावू शकतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे फेकींची संख्या. २०२३ पासून मेजर लीगमध्ये एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच रबर सोडता येते किंवा पिकऑफ करता येतो. तिसऱ्यांदा प्रयत्न करून रनर बाद झाला नाही, तर तो बॉक. त्याच वर्षी बेसही १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले. हे सगळे टीव्हीवर दिसते म्हणून आपल्या स्पर्धेतही लागू असेल असे नाही, आणि नसेलच असेही नाही. स्पर्धेचे लेखी नियम मागून घ्या. त्यात काही म्हटलेले नसेल तर सामन्याआधी अंपायरला विचारा.

आता ‘मग माझ्या मुलाने नेहमी रबर सोडूनच फेकावे का’ हा प्रश्न आपल्या मनात येईल. येथे माझा अनुभव सावध राहायला सांगतो. रबरवरून फेकलेला चेंडू भरकटून हद्दीबाहेर गेला तर रनरला एक बेस मिळतो, पण रबर सोडून क्षेत्ररक्षक म्हणून फेकलेला चेंडू हद्दीबाहेर गेला तर दोन मिळतात. आझाद मैदान किंवा शिवाजी पार्कसारख्या जागी, जेथे फर्स्टच्या मागे कुंपण नसते आणि पन्नास पावलांवर दुसऱ्याच कोणाचा क्रिकेटचा सामना चालू असतो, तेथे हद्द फक्कीच्या एका रेघेने आखलेली असते आणि भरकटलेली फेक ती सहज ओलांडते. फर्स्टवरचा रनर थेट थर्डवर पोचतो. शिवाय रबर सोडायला लागणारा क्षण डावखुऱ्याचा नैसर्गिक फायदाच घालवतो. म्हणून रबर सोडणे हे रनरला थोपवण्यासाठी, दम घेण्यासाठी आणि हात पुसण्यासाठी ठेवावे. रनरला खरोखर बाद करायचे असेल तेव्हा मुलाने रबरवरूनच, पाऊल सांभाळून फेकावे.

हे पाऊल सांभाळणे शिकवायला खर्च काही नाही. सरावाच्या वेळी रबरपासून निघणारी ४५ अंशांची रेघ फक्कीने आखा आणि रबरच्या मागची कडही त्याच फक्कीने पुढे वाढवा. मुलाला पंचवीस वेळा पाय उचलून फर्स्टकडे फेकायला सांगा आणि प्रत्येक फेकीनंतर हवेतल्या चेंडूकडे न पाहता जमिनीवरचा ठसा पाहायला लावा. शक्य असेल तर फोन रबरच्या मागच्या कडेच्या सरळ रेषेत बाजूला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवून चित्रण करा, कारण मागून घेतलेल्या चित्रणात मागची कड ओलांडली की नाही हे नीट कळत नाही. पहिल्या दिवशी ठसे दोन्ही बाजूंना विखुरलेले दिसतील. आठवड्याभरात ते एका बाजूला गोळा होऊ लागतात, असे मी बऱ्याच मुलांत पाहिले आहे.

पुढच्या सामन्यात पुन्हा बॉक दिला गेला, तर प्रशिक्षकांनी इनिंग संपल्यावर अंपायरकडे शांतपणे जावे आणि ‘बॉक का दिला’ असे न विचारता ‘साहेब, पाय रेषेच्या होमकडच्या बाजूला पडला की रबरच्या मागे गेला’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मी तरी आजवर कोणालाही नाकारलेले नाही.